राणीचं पान

महादेवपुऱ्यात आयटी पार्क यायच्या कितीतरी आधीपासून आमची कारखान्याची कॉलनी आहे. तिच्या मधोमध कमरेइतक्या पाण्याचा गोल हौद आहे आणि त्यात व्हिक्टोरिया राणीच्या नावाचं कमळ. पान परातीसारखं, काठ चार बोटं उभे. रुंदी मी मोजली आहे: पाच फूट दोन इंच. सगळे त्याला राणीचं पान म्हणतात. अधिकाऱ्यांच्या घरातलं मूल बसायला लागलं की त्याला या पानावर बसवून फोटो काढायचा, ही इथली पद्धत. माझाही आहे. सप्टेंबर १९७१, झालरीचं टोपडं, तोंडभर हसू.

माझी मुलगी केतकी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, एचएसआर लेआउटहून, तिच्या आठ महिन्यांच्या लेकीला, शमिकाला घेऊन आली, ती त्या फोटोसाठीच.

रविवारी सकाळी नऊला हौदावर गेलो. माळी रघुपती पाण्यात उभा होता. मुलाचं वजन एकाच जागी पडू नये म्हणून पानावर गोल फळी ठेवतात, ती त्याच्या हातात होती. पायरीवर त्याची आई सकवारबाई बसलेली. निपाणीकडची, पंचाहत्तरीची. तिचा नवराही इथेच माळी होता.

"अण्णा, ते पान नको," ती म्हणाली.

पान मधोमध वाकलं होतं. वीतभर खळगा, त्यात पाणी साचलेलं. चार दिवसांत पाऊस नव्हता.

"कुजलं असेल," मी म्हणालो.

रघुपतीने खालून शिरा चाचपल्या. "घट्ट आहे, सार."

तरी दुसरं पान निवडलं. तो फळी घेऊन तिकडे वळला, तेवढ्यात पहिलं पान सपाट झालं आणि दुसरं वाकलं. वारा अजिबात नव्हता.

"मासा असेल खाली," केतकी म्हणाली. "बाबा, ऊन चढतंय हं."

सकवारबाई माझ्याकडे बघत होती. "तुमच्या फोटोदिवशी आधी माझी पोर बसवली होती. पान वजन धरतंय का बघायला. तुमच्याएवढीच होती."

"फळीवर?"

"फळी तुमच्यासाठी होती की, अण्णा. तिच्याखालचं पान फाटलं. वर काढली, खोकली, रडली. मग दुसरं पान बघितलं, तुम्हाला बसवलं, फोटो झाला. पोर संध्याकाळी गेली."

आमच्या घरात हे कधी कुणी बोललं नव्हतं.

"आजी, आता फळी आहे ना," केतकी इथल्या कानडी वळणात म्हणाली. "स्वल्प दोन मिनिटं, बस."

मी नको म्हणायला हवं होतं. दुसरं पान आता सपाट होतं, रघुपतीने त्यावर फळी ठेवली. मी पायरीवरून पाण्यात उतरलो आणि शमिकाला त्याच्या हातात दिलं.

त्याने तिला फळीवर बसवलं. पान हललं नाही. केतकीने मोबाईल धरला. शमिका तिच्याकडे बघेना. डावीकडे बघून हसत होती. मग बूड घासत उजवीकडे सरकली. कुणाला तरी जागा करून द्यावी तशी.

पान डावीकडे दबलं.

काठावरून पाण्याची बारीक धार आत आली.

"सार," रघुपती म्हणाला.

मी शमिकाला उचललं. तिचे पाय कोरडे होते. पण माझ्या हातांना दोन मुलांचं ओझं लागत होतं.

सकवारबाई शेवटच्या पायरीपर्यंत उतरली. तिने दोन्ही हात पुढे केले. शमिकाकडे नाही. तिच्या जरा डावीकडे.

माझे हात हलके झाले.

"काय हो बाबा, मध्येच उचललंत!" केतकी मोबाईलमध्ये बघत म्हणाली. "एकही नीट नाही आला. परत बसवूया ना."

सकवारबाई पाठमोरी घराकडे चालली होती. एका हाताने स्वतःचाच खांदा थोपटत होती. थोपटत होती तिथून पदर भिजत खाली चालला होता.