साठावा दिवस

बाई चुकून प्रयोगशाळेत शिरल्या आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

शाळेत त्या नव्या होत्या. नववी-दहावीच्या मुलांना अभ्यास कसा करायचा, एवढंच त्या शिकवायच्या. पण शिकवायच्या म्हणजे काय! त्यांच्या तासाला खिडकीत बसणारं कबुतर सतराचा पाढा उलटा घुमायचं, असं शिपाईमामा शपथेवर सांगतात. मामांची शपथ कितपत धरायची, ते तुम्ही बघा.

तर बाई शिरल्या, पाठोपाठ अख्खा वर्ग शिरला. आत विज्ञानाचे सर स्टुलावर उभे राहून छताला लोलक टांगत होते. उंच, किडकिडीत, चालताना डोलणारे. मुलं त्यांनाच लोलक म्हणायची.

"ही माझी खोली आहे," सर म्हणाले.

"तास संपेपर्यंत माझी. बसा की तुम्हीही, मागे जागा आहे."

सर मागच्या बाकावर बसले. बाईंच्या पापणीवर खडूची पूड होती… सरांच्या डोळ्यांना तेवढंच दिसत होतं. कान मात्र शब्द न् शब्द टिपत होते.

"पुस्तक मिटून शिकलेलं आठवायचं," बाई सांगत होत्या. "आधी एका दिवसाने, मग तीन दिवसांनी, मग सात, एकवीस आणि साठ. मध्ये डोकवायचं नाही! असं केलंत, तर ते जन्मभर विसरणार नाही."

सरांनी ते वहीत उतरवून घेतलं. बाईंनी आपल्याला जन्मभर विसरू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि सांगितलेलं तंतोतंत करून बघायचं, हा तर त्यांचा पेशाच!

दुसऱ्या दिवशी सर बाईंच्या दारात हजर.

"तुमचं डस्टर राहिलं होतं."

"हे माझं नाही."

"मग कुणाचं?"

"तुमच्या खोलीतलं, म्हणजे तुमचंच असेल ना!"

सर कानापर्यंत लाल झाले. बाई दिवसभर उगाच हसत होत्या.

तीन दिवसांनी सरांनी काचेचा त्रिकोणी लोलक उन्हात धरला आणि बाईंच्या तळहातावर सात रंग उतरवले. "मूठ मिटू नका… सांडतील."

पुढे सात दिवसांनी दोघं भुरभुर पावसात एका छत्रीतून बसथांब्यावर गेले. छत्री सगळी बाईंवर, पाऊस सगळा सरांवर. बाईंनी मुद्दाम दोन बस सोडल्या.

आणि मग सर गायबच झाले.

शाळेतून नव्हे हो, फक्त बाईंच्या वाटेतून. बाई जिन्यात दिसल्या की ते उलटे फिरायचे. एकदा तर नकाशांच्या कपाटात शिरले. दाराखालून बाहेर आलेला बूट बाईंनी ओळखला. त्या तशाच पुढे गेल्या.

घरी बाईंची ताई वाटच बघत होती. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या शाळेचं बोलावणं आलं होतं, उत्तर महिनाअखेरीला द्यायचं होतं. तिथलं एक स्थळही ताईने हेरून ठेवलं होतं.

"त्या लोलकासाठी पत्र दाबून बसलीयेस ना?"

"येईल गं तो."

"कुठून? कपाटातून?"

छत्रीतल्या भेटीनंतर एकविसाव्या दिवशी सर खरंच आले. सुट्टी लागायचा दिवस होता. वर्ग रिकामा झाला होता. बाईंना हायसं वाटलं.

"मला तुम्हाला एक विचारायचंय. मी इथे—"

"आज नको!" सर घाईघाईने म्हणाले. "आज फक्त बघायला आलोय. जे काय ते… सुट्टीनंतर बोलू."

सुट्टी दोन महिन्यांची होती. बाईंनी टेबलावरची पुस्तकं उचलली. "बरं," म्हणाल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी पत्राला होकार पाठवला. ताईला म्हणाल्या, "स्थळालाही कळव."

त्यानंतर बरोबर साठाव्या दिवशी शाळा उघडली. इस्त्रीचा शर्ट घालून, आरशासमोर बारा वेळा घोकलेलं वाक्य घेऊन सर बाईंच्या वर्गापाशी आले. आत मामा एकटेच बाकं पुसत होते.

"बाई गेल्या की हो! तुम्हाला सांगितलं नाही?"

सरांनी पत्ता घेतला आणि मिळाली ती बस पकडली. नव्या शाळेच्या फाटकापाशी बाई भेटल्या. सरांना वाक्य आठवेना, म्हणून त्यांनी वहीच पुढे केली. एक, तीन, सात, एकवीस, साठ. प्रत्येक आकड्यापुढे तारीख होती.

बाईंनी वाचलं. आधी हसू फुटलं, इतकं की पहारेकरी वळून बघायला लागला. मग ते हसू डोळ्यांतून वाहायला लागलं.

"अहो वेडे… ते सनावळ्यांसाठी होतं! माणसाला रोज भेटायचं असतं."

"मग आता रोज येईन. इथेच खोली घेतो."

"माझं लग्न ठरलंय."

सरांनी वही मिटली. "कसे आहेत ते?"

"चांगले आहेत," बाई हळूच म्हणाल्या. "रोज येतात."

बसपर्यंत त्या सोडायला गेल्या. सर खिडकीपाशी बसले. इंजिन सुरू झालं, तेव्हा त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"एकदाच… नुसतं एकदा, अगं म्हणू?"

"म्हणा."

"अगं…"

पुढचं त्यांना जमलं नाही. बाईंनी खिडकीच्या गजावरचा त्यांचा हात धरला. बस हलली, तशा त्याही दोन पावलं चालल्या.

"अरे, नीट जा हं," त्या म्हणाल्या आणि हात सोडला.