कवी हॅलिडेची न्याहारी

साऱ्या स्कॉटलंडला तोंडपाठ असलेला कवी अँगस हॅलिडे न्याहारीनंतर पोट धरून कोसळला आणि संध्याकाळच्या आत गेला. पोटात आर्सेनिक सापडलं. मेंढ्या धुवायच्या औषधात ते असतं. त्या गॅलोवे भागातल्या कुठल्याही शेतावर मिळतं.

पोलिसांचा संशय घरी मुक्कामाला असलेल्या शिष्यावर, लॉकलनवर होता. आदल्या दिवशी गुरुशिष्यांचं कडाक्याचं वाजलं होतं. घाबरलेल्या लॉकलननेच खासगी गुप्तहेर मर्डो गिलेस्पीला बोलावलं. गिलेस्पीबरोबर त्याचे मित्र, निवृत्त शाळामास्तर प्रिंगलही आले.

भांडण हॅलिडेच्या कवितेतल्या एका ओळीवरून झालं, असं लॉकलनने सांगितलं. 'वासरू मेल्याचं गाईचं दुःख बोटांना आधी कळतं.' त्याने अर्थ विचारला आणि हॅलिडे उखडला.

कवीची बहीण एल्स्पेथ शांतपणे उत्तरं देत होती. ओटच्या लापशीचं पातेलं एकच. तिघांनीही त्यातलंच खाल्लं. साय मात्र ज्याची त्याची वेगळ्या वाटीत, लापशीचा चमचा तीत बुडवून खायला. भाऊ कविता सांगायचा, ती उतरवून घ्यायची. गाई-मेंढ्यांचं तीच बघायची. गोठ्याच्या वासानं त्याला दमा उसळायचा; जन्मात तो तिथे फिरकला नव्हता.

फडताळात सायीच्या निळ्या वाट्या दोनच होत्या. तिसरी त्या सकाळी हातून पडली, असं ती म्हणाली. गिलेस्पीने परसातला राखेचा ढीग उकरला. निळे तुकडे मिळाले, पार ठेचून भुगा केलेले.

"पोरानेच कशात तरी कालवून पाजलं असणार," प्रिंगल कुजबुजले.

"नाही मास्तर. विष सायीत होतं." गिलेस्पी स्वयंपाकघरात येऊन सर्वांसमोर उभा राहिला. "पडलेल्या वाटीचा भुगा होत नाही. तो कुणीतरी करतं, काही उरू नये म्हणून."

"पण सख्खी बहीण? कशापायी?" प्रिंगलनी विचारलं.

"त्या ओळीपायी. गोठा न पाहिलेल्याला ती सुचेल कशी? वासरू मेलेली गाय पान्हा चोरते, धार काढणाऱ्या बोटांनाच ते ठाऊक. हॅलिडेला अर्थ सांगता येईना, म्हणून तो चिडला. कविता सांगत होत्या त्या एल्स्पेथबाई."

एल्स्पेथने हात एप्रनआड घेतले नाहीत, की नजर चुकवली नाही.

"गावात त्याचा पुतळा बसणार होता," ती म्हणाली. "मी म्हटलं, एका तरी कवितेखाली माझं नाव घाल. तो हसला. म्हणाला, गाई पिळणारीच्या कविता कोण वाचणार?"

पोलीस तिला न्यायला आले तेव्हा लॉकलन दारात रडत होता. शेवटची कविता अपुरीच राहिली का, असं त्याने विचारलं.

"पुरी आहे," डोक्यावर शाल घेत ती म्हणाली. "पण ती माझ्याबरोबरच जाईल."