आमेन खाली येतलो

२०२२ सालची ही गोष्ट. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा.

जशी घडली तशीच सांगते. रोझाने आणि मी एकाच शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. तिच्या घरातलं कुठलं फळकूट करकरतं तेही मला ठाऊक. काळोख्या रात्रीची वाट बघत असाल तर ती यात नाही. जे झालं ते उन्हात झालं. दुपारी अडीच वाजता.

मालवणहून आचऱ्याकडे येताना समुद्राच्या बाजूला उतरलं की ख्रिश्चनांची दहा-बारा घरं लागतात. मधोमध पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस. दर मे महिन्यात त्याचं फेस्त, म्हणजे वार्षिक सण, होतं. संध्याकाळी सगळे जमून लादीन म्हणतात. लादीन म्हणजे गाऊन केलेली प्रार्थना. ती दोन आवाजांत म्हणायची असते. पहिला आवाज चाल धरतो, दुसरा त्याच्या खालून सोबत करतो.

या वाडीची चाल वेगळी. रोझाच्या वडिलांनी बसवलेली. कागदावर कुठेच नाही. वडील गेल्यावर पहिला आवाज रोझाचा, दुसरा तिच्या धाकट्या बहिणीचा, डेल्सीचा. मी लग्न होऊन आचऱ्यात आले तेव्हापासून ऐकत होते. दोघी गायला लागल्या की मासळी विकून परतणाऱ्या बायका रिकामी टोपली डोक्यावर धरून तशाच उभ्या राहत. डेल्सीचं नाक लहानपणी पडून मोडलेलं. गाण्याआधी श्वास घेतला की नाकातून एक बारीक शीळ यायची. ती आली की समजायचं, आता दुसरा आवाज लागणार.

दोघींचं भांडण एका शब्दावरून झालं. शेवटचा आमेन. रोझा म्हणे, पप्पा तो वर न्यायचे. डेल्सी म्हणे, खाली आणायचे. १९९४ च्या फेस्ताला सगळ्या वाडीसमोर एक आमेन वर गेला आणि एक खाली. पोरं फिदीफिदी हसली. डेल्सी त्याच पावली सावंतवाडीला आपल्या घरी निघाली. फाटकात थांबून एवढंच म्हणाली,

"बघ तू. तुझो आमेन खालीच येतलो."

पुन्हा ती खुरसाकडे आली नाही. रोझा दरवर्षी एकटीच म्हणत राहिली, दुसऱ्या आवाजाची जागा रिकामी. २००९ मध्ये डेल्सी सावंतवाडीलाच वारली.

तर, २०२२. रोझाच्या घशात गाठ निघाली. बारा डिसेंबरला गोव्यात ऑपरेशन ठरलं. जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. रोझा तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची. ती रडली नाही. तिने मालवणहून भाचीला बोलावून घेतलं. ग्लेनिशा चर्चच्या गायकवृंदाचं बघते. तिला यातलं कळतं.

"माका चाल भरून ठेवची आसा," रोझा म्हणाली. "आवाज आसा तोपर्यंत. आणि आमेन वर. नायतर उद्या कोणय कसोय म्हणतलो."

मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर मागची समुद्राची गाज सगळं खाऊन टाकते, हे ग्लेनिशाने करून दाखवलं. मग ती ऑडिओ इंटरफेस शोधू लागली. म्हणजे माईकचा आवाज स्वच्छ करून लॅपटॉपमध्ये पोचवणारा छोटा डबा. यूएसबीच्या वायरीवरच चालणारा हवा, कारण आमच्याकडे वीज कधी जाईल नेम नाही. हेडफोन लावायची सोय हवी. आणि परवडायला हवा.

"ह्यो बघ आंटी. एक इनपुटाचो. सगळ्यांत स्वस्त. तुका एकच माईक लागता."

"आणि तो बाजूचो?"

"तेका दोन आसत. पण महाग. दुसऱ्याचा काय करतलंस? लोणचा घालतलंस?"

"लादीन एका आवाजात म्हणतत काय गो?"

"दुसरो म्हणतलो कोण? डेल्सी आंटी जावन तेरा वर्सां झाली."

रोझाने फोनवरच्या चित्रातल्या दुसऱ्या भोकावर बोट ठेवलं. मग म्हणाली,

"आसांदे. तिची जागा तरी आसांदे."

ग्लेनिशाने मान हलवली आणि दोन इनपुटांचा मागवला. त्याच्या माहितीत एका बटणाचं नाव होतं, फँटम पॉवर. रोझा शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई, गप्प कशी बसेल?

"फँटम म्हणजे भूत ना गो? पैसे देवन भूत घरात हाडतंस?"

"ता महागड्या माईकांक लागता. आमच्या साध्या माईकाक नको."

"म्हणजे भुताचो खर्च वाचलो."

दोघी खूप हसल्या. ते बटण शेवटपर्यंत कोणी दाबलं नाही. हे मुद्दाम सांगते.

डबा आला. अडीचची वेळ ठरली, कारण तेव्हा वाडी झोपलेली असते. पंखा बंद केला. फ्रीजची वायर काढली. खिडकीला गोधडी लावली. रोझाचा धाकटा भाऊ कुस्तोदियो, म्हणजे ग्लेनिशाचा बाप, बाहेर कोंबड्या हाकायला बसला. माईक पहिल्या इनपुटात. दुसरं रिकामं.

रोझाने गायला सुरुवात केली. पहिल्या इनपुटाचा दिवा हिरवा लुकलुकू लागला.

दुसऱ्या कडव्याला ग्लेनिशाचं लक्ष गेलं...

दुसऱ्या इनपुटाचा दिवाही लुकलुकत होता.

त्यात काहीच लावलेलं नव्हतं. तिने त्याची कळ शून्यावर आणली. दिवा लुकलुकतच राहिला. रोझा श्वास घ्यायला थांबली की तोही थांबे. मात्र तिच्या जरासा मागून... तिला वाट देत असल्यासारखा.

"पीस खराब आसा," गाणं संपल्यावर ग्लेनिशा म्हणाली. "परत करूया."

"बारा तारीख तुझ्यासाठी थांबतली? आधी लाव बघूया काय भरला ता."

पहिल्या इनपुटाचा ट्रॅक लावला. रोझाचा आवाज, मागे दूरवर समुद्र, मध्येच एक कावळा. अगदी हवं तसं. मग ग्लेनिशाने रिकाम्या, दुसऱ्या इनपुटाचा ट्रॅक लावला.

काहीच नाही.

म्हणजे समुद्रही नाही. कावळाही नाही. विहिरीच्या पाण्यात डोकं घातल्यावर कान बंद होतात तशी शांतता.

आणि मग...

एक बारीक शीळ. नाकातून घेतलेल्या श्वासाची.

बस्स. पुढे पुन्हा काही नाही. रोझाने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "शेवट लाव. माझो आमेन लाव."

ग्लेनिशाने पहिल्या ट्रॅकचा शेवट लॅपटॉपच्या स्पीकरवर लावला.

आमेन खाली आला.

आवाज रोझाचाच. तिचाच थकलेला, किंचित घोगरा आवाज. आणि तो पायरी पायरी उतरत खाली आला.

"मी वर नेलंय," रोझा पुटपुटली. "कुस्तू! तुया आयकलंस मा? मी वर नेलंय ना?"

"वरच गेलंस गो बाय," दारातून कुस्तोदियो म्हणाला. "माड चढल्यासारखा वर."

दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं. वायर बदलली. दुसऱ्या इनपुटात कापसाचा बोळा घातला. रोझाने आमेन वर नेला, ग्लेनिशाने समोर बसून ऐकला. ट्रॅकवर तो खाली आला. तिसऱ्या दिवशीही तेच. घसा दिवसेंदिवस बसत चालला होता. चौथ्या दिवशी रोझाला दोन कडव्यांपुढे जाता येईना.

पाचव्या दुपारी तिने ग्लेनिशाला माईक चालू करायला सांगितलं, आणि गायच्या आधी त्या रिकाम्या इनपुटाकडे बघून बोलली. मुलांना दटावायची त्याच सुरात. मग तो सूर मोडला.

"डेल्से. तू रागान गेलंस, ता माका लागला. मी तुका बोलवूक येवक व्हया होता, इलंय नाय. चूक माझी. पण माझ्या घशात आता ह्यो एकच दिवस आसा गो. एकदा माका वर जावंदे."

दुसऱ्या इनपुटाचा दिवा लुकलुकला...

आणि विझला.

रोझा पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली. त्या घशातून इतकं कसं निघालं, ग्लेनिशाला आजही नवल वाटतं. दिवा पुन्हा लागला नाही. लगेच लावून ऐकलं, तिघांनी. आमेन वर गेला होता. स्वच्छ, सरळ वर. रोझाने खुरसाची खूण केली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. ती फाईल ग्लेनिशाने तिच्या समोर दोन ठिकाणी ठेवली. नंतर कोणी उघडली नाही.

बारा तारखेला ऑपरेशन झालं. रोझा वाचली. आवाज गेला.

पुढच्या मे महिन्यात फेस्ताला मी होते. खुरसाला झेंडूच्या माळा, समोर खुर्च्या. पहिल्या ओळीत रोझा, गळ्याला रुमाल, मांडीवर पाटी. फाईल स्पीकरवर लावायची आणि वाडीतल्या बायकांनी ती ऐकून चाल उचलायची, असं ठरलं होतं. स्पीकरवाला लवू यंत्राजवळ उभा.

रोझाचा आवाज खुरसाभोवती घुमला. आम्हा सगळ्यांचे डोळे भरून आले. एकेक कडवं गेलं. शेवट आला. तेवढ्यात मागच्या माडांतला वारा पडला...

स्पीकरमधून एक बारीक शीळ आली.

आणि आमेन खाली उतरू लागला.

रोझा ताडकन उठली. तोंड उघडलं, आवाज नाही. तिने बोट वर केलं. वर, वर, वर, असं दाखवत राहिली. पाटीवर मोठं लिहिलं, वर.

"बाई आवाज वर करूक सांगतत," लवू म्हणाला, आणि त्याने कळ पूर्ण फिरवली.

आख्ख्या वाडीने, पलीकडच्या बंदरावरच्या लोकांनीही ऐकलं. आमेन खाली आला. बायकांनी तो तसाच उचलला. एकदा, दोनदा, तीनदा म्हटला. रोझा खुर्चीत बसली आणि तिने पाटी पुसून टाकली.

कुस्तोदियो २०२४ च्या पावसाळ्यात गेला. शेवटपर्यंत सांगत होता, बाय वर गेली, मी ऐकलंय. ग्लेनिशा मालवणातच आहे. तो डबा अजून वापरते, पण दुसऱ्या इनपुटावर काळी चिकटपट्टी लावलेली आहे. वाडीत दर फेस्ताला लादीन होते. तरुण बायकांना विचारलं तर म्हणतात, आमेन खालीच येतो, आणि कसा येणार?

रोझा आहे. पाटीवर लिहून बोलते. मागच्या महिन्यात गेले तेव्हा तिने लिहिलं, "आमेन वर. तू तरी लक्षात ठेवलंस ना?"

मी हो म्हटलं.

घरी येऊन, चुलीपाशी कोणी नसताना, गुणगुणून बघितलं. तीस-पस्तीस वर्षं कानावर पडलेला आमेन. वर न्यायला तोंड उघडलं...

खाली आला.

रोज करून बघते. रोज खालीच येतो. आणि त्याआधी एक बारीक शीळ ऐकू येते. माझं नाक कधी मोडलेलं नाही.