भरवलेला चेंडू

त्या सकाळी चीनमधल्या हुआंगशी शहराच्या तलावावर इतकं धुकं होतं, की नूडल्सच्या गाडीवर कुणाचा वाडगा कुणाच्या हाती गेला हे पहिल्या घासापर्यंत कळलंच नाही. यिनहेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"तो तिखटाचा माझा," शेजारचा मुलगा म्हणाला. "आणि तुझा हा... अगदीच मिळमिळीत आहे."

"तरी अर्धा संपवलास?"

"भूक कुठे चव विचारते?"

अर्ध्या तासाने टेबल टेनिसच्या सरावाच्या हॉलमध्ये तोच टेबलापलीकडे उभा. बोवेन, तिच्यासाठी आणलेला सरावाचा जोडीदार. टेबलापासून मागे सरून तो चेंडू असा कापायचा, की उलटी फिरकी घेऊन आलेला चेंडू यिनहेच्या बॅटवरून थेट नेटात. एकोणीस वर्षांची यिनहे बाकी कुणाला हार जायची नाही. या एका चेंडूपुढे मात्र तिचा फोरहँड लुळा पडे, आणि बीजिंगच्या शिबिराची निवड महिन्यावर आली होती.

"घाई करतेस," तो म्हणायचा. "चेंडू जरा खाली येऊ दे. गुडघे वाकव, बॅट गुडघ्यापाशी ने... आता खालून वर. धडकायचं नाही, नुसतं घासायचं."

"एवढं वाकायला मी काय तुझ्या पाया पडतेय, मास्तर?"

"पड की. आशीर्वाद देईन."

ती हसायची, वाकायची. खिडकीतून ओस्मांथसच्या फुलांचा गोड वास यायचा, आणि तिला वाटायचं, हा सराव कधी संपूच नये. पाचव्या दिवसापासून तिचे चेंडू नेटावरून अलगद पलीकडे जाऊ लागले. ती हवेत तरंगत होती.

निवडीच्या पहिल्या फेरीत तशीच कापून खेळणारी एक मुलगी समोर आली. यिनहेचे अकरा चेंडू ओळीने नेटात गेले.

हरल्याचं दुःख तिला नंतर झालं. आधी हातातून कळ आली आणि सगळं उमगलं. हा चेंडू फिरकीने जड होता. बोवेनचा कधी इतका जड नव्हताच.

सरावात सोपे चेंडू देण्याला तिथले खेळाडू 'चेंडू भरवणं' म्हणतात. लहान मुलाला घास भरवावा, तसं.

"तू मला भरवत होतास," ती त्याच्यासमोर येऊन म्हणाली.

बोवेनने मान खाली घातली. "आधी... तुझा चेहरा पडायचा, तो बघवेना म्हणून."

"आणि मग?"

"मग... तुला जमलं तर तू बीजिंगला जाशील म्हणून."

यिनहेला राग आला. त्याच्या खालोखाल दुसरंही काही आलं, आणि त्याचा तिला जास्त राग आला.

"हरलेल्यांना दुसऱ्या फेरीत अजून एक संधी आहे, आठ दिवसांनी. माझ्यावर जीव असेल, तर आता चेंडू पोटभर कापून दे."

त्याने दिला. पहिल्या दिवशी शंभरातले नव्वद नेटात. त्याचे डोळे भरून आले, पण हात हलका झाला नाही. सहाव्या दिवशी तिने वाट पाहिली, वाकली, घासलं... आणि चेंडू कमान घेत त्याच्या खांद्यावरून निघून गेला. तो तिथेच उभा राहून हसला, जरा केविलवाणं.

दुसरी फेरी तिने जिंकली.

निघायच्या सकाळी पुन्हा धुकं होतं. गाडीवर दोन वाडगे आले, आपापले. यिनहेने तिचा बाजूला सारला.

"बीजिंगला माझ्यासाठी चेंडू कोण कापणार?"

"असेल कुणी. माझ्याहून चांगला."

"असेल. हरवीन त्याला." मग तिने त्याच्या तिखट वाडग्याकडे बघितलं, आणि हळूच तोंड पुढे केलं. "हा मात्र... भरव."

त्याने काड्यांनी एक घास उचलून तिला भरवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी तिखटाला दोष देणं दोघांनाही सोयीचं होतं.