खंडेनवमीची बंदूक

"बंदूक गेली," विनीत भोईर म्हणाला, "आणि आबा पोलिसांत जायला तयार नाहीत."

उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या डोक्यावर सुनंदा चौबळ यांचं ऑफिस आहे. खालच्या मशिनींमुळे टेबलावरचा चहा दिवसभर थरथरत असतो. बाईंनी बावीस वर्षं विम्याचे खोटे दावे पकडले आणि निवृत्त झाल्यावर तोच उद्योग स्वतःच्या नावावर चालू ठेवला. जोडीला कमळाकर. अंबरनाथच्या आनंदनगरात एका कारखान्यात त्यानं तीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. तसा हुशार माणूस, फक्त हुशारी पोचायला जरा उशीर व्हायचा.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. विनीतच्या खिशात आदल्या दिवशीचं आपट्याचं पान चुरगळून पडलेलं. पस्तिशीचा, कारखान्यात ऑफिसर, झोप न झालेला.

"सुरुवातीपासून सांगा," बाई म्हणाल्या.

बदलापूरच्या पुढे नदीकाठी त्याचं गाव. वडील महिपती भोईर यांच्याकडे पिकाच्या राखणीची परवान्याची बंदूक होती, आजोबांपासूनची, एकनळी. खंडेनवमीला ती कपाटातून काढून देवापुढे पाटावर ठेवायची आणि दसऱ्याच्या संध्याकाळी परत कुलपात ठेवायची, ही घरची रीत. काल संध्याकाळी महिपती उचलायला गेले, तर पाट रिकामा. बंदूक तिच्या कापडी गवसणीसकट नाहीशी झालेली.

"घरात कोण कोण होतं?"

"आई. आबा सकाळी शेतावर ट्रॅक्टरची पूजा करायला गेले होते. माझा चुलतभाऊ सनी अकराला आला, आईला घट विसर्जनासाठी नदीवर घेऊन गेला. मी दुपारी सोनं द्यायला गेलो."

"एकटेच?"

विनीतनं पान खिशातून काढलं, पुन्हा आत ठेवलं. "दीड वर्षापूर्वी शिमग्याला आम्ही सगळे गावी होतो. बंदूक तेव्हा कपाटात नाही, खुंटीला असायची. माझी मुलगी ऋतिका, सहा वर्षांची, स्टुलावर चढली, ती काढली आणि चुलीपुढे बसलेल्या आजीच्या पाठीवर रोखली. खेळत होती. आत काडतूस होतं. तेजलनं, माझ्या बायकोनं, तिच्या हातातून ती काढून घेतली. आबा आले आणि म्हणाले, 'काय झालं का? नाय ना?' त्याच संध्याकाळी तेजल पोरीला घेऊन निघाली. ती बंदूक त्या घरात आहे तोवर ऋतिका तिथे पाऊल टाकणार नाही, म्हणाली. अजून टाकलेलं नाही."

कमळाकरनं खिशातला फोन चाचपला. त्याचा स्वतःचा नातू मेलबर्नला होता आणि दर रविवारी फोनच्या काचेत दिसायचा.

"दिवाळीनंतर माझी बदली बडोद्याला होतेय," विनीत म्हणाला. "आईला पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं. आता ही चोरी. बंदूक कुणा भलत्याच्या हाती लागली तर? आबा आत जातील. आणि मग ऋतिका आजीआजोबांना कधी भेटणार?"

कमळाकरनं स्कूटर काढली.

महिपती भोईर सत्तरीचे, ताठ. ओटीवर बसले होते. चोरी झालेल्या माणसाची धावपळ त्यांच्यात औषधालाही नव्हती.

"गेली ती गेली," ते म्हणाले.

"परवान्याचं हत्यार चोरीला गेलं तर लगेच कळवावं लागतं, आबा."

"उद्या देईन खबर."

"काल रात्री विनीतलाही उद्याच म्हणालात."

म्हातारा शेताकडे बघत राहिला. "बाई, तुमी शहरातल्या. इथं रानडुकरं एका रातीत भात झोपवतात. आमचं घर गावाच्या टोकाला. त्या पलीकडच्या फार्महाऊसात चोर घुसले, म्हातारा-म्हातारीला बांधून ठेवलं. माझ्या दारात कोण आलं नाय. का? सगळ्यांना ठाऊक हाय, महिपतीकडं बंदूक हाय."

"ज्या हातात ती जायला नको होती, तिथेही गेली ना पण?"

बाईंनी कागद मागितले. महिपतींनी प्लास्टिकची फाईल आणून दिली. काम नीटनेटकं होतं. कमळाकरनं सवयीनं एकेक कागद वाचून दाखवला. "परवाना. नूतनीकरण, मुदत आहे. आणि ही पोलीस ठाण्याची बंदूक जमा केल्याची मूळ पावती, एप्रिल, गेल्या वर्षीची."

"लोकसभेच्या वेळची," महिपती म्हणाले. "आचारसंहिता लागली का जमा करावी लागते. सगळ्यांनी केली, निकाल लागल्यावर सगळ्यांनी परत आणली."

बाईंनी मान डोलावली आणि फाईल परत केली.

देवापुढचा पाट अजून तसाच होता. त्यावर पांढरं वस्त्र, मध्ये हळदकुंकवाचे ठिपके, बाकी कोरं करकरीत. बाईंनी वाकून त्याचा वास घेतला. कमळाकरनंही घेतला. झेंडूशिवाय त्याला कसलाच वास आला नाही.

विनीतची आई, बनूबाई, आतल्या खोलीत होत्या. बुटक्याशा, डोळे सुजलेले.

"मी जन्मात बंदुकीला हात लावला नाय," त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं. "सासऱ्यांचा दंडक. बायकांनी शिवायचं नाय."

मग त्यांनी ट्रंक उघडली. आत परकर-पोलकी होती, पाच-सहा, काठापदराची. "दर सणाला एक शिवते. सहा वर्सांची गेली, आता आठवं चाललंय. माप ठाऊक नाय. अंदाजानं वाढवत जाते." त्यांनी वरचं एक उलगडून हवेत धरलं, जणू आत कुणी उभं आहे. "एवढी झाली असंल का हो?"

एवढी म्हणजे केवढी, हे कमळाकरला कुठून माहीत असणार? तरी तो म्हणाला, "झाली असेल." आणि बाहेर जाऊन नाक शिंकरलं.

सनी अंगणात रिक्षा पुसत होता. बदलापूर स्टेशनला शेअर रिक्षा चालवायचा. दोन वर्षांपूर्वी बंदुकीसोबत रील काढून काकाच्या शिव्या खाल्लेला.

"मॅडम, आपल्यावर डाउट आहे ना? सगळी पब्लिक तेच बोलते," तो म्हणाला. "पण आपण हात नाय लावला. शपथ."

"पूजेला काका बंदूक कशी ठेवतात?"

"आधी एकदम टिपटॉप. आदल्या दिवशी तेल पाजायचं, उघडी ठेवायची. चकाचक. हल्ली काकांना कंटाळा. गेल्या साली आणि या साली गवसणीवरच हळदकुंकू वाहिलं."

"डुकरांवर बार टाकतात?"

"कुठले? सुतळी बॉम्ब फोडतात. डुकरंपण हसत असतील. दीड वर्ष झालं, मी बार ऐकला नाय."

"नदीवर काय झालं?"

"काय होणार? काकूनं घट सोडले, निर्माल्य सोडलं. घटाच्या मंडपाला दोन केळीचे खुंट बांधले होते, बारीकच. ते जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलेले, तेपण सोडले. मग बसून राहिली. गाठोडं तरंगत पार वळणापर्यंत गेलं, तरी उठेना. 'बुडत कसं नाय,' असं बोलत होती. रडत पण होती. मी बोललो, काकू, देवी पुढच्या साली येणार आहे परत."

परतताना स्कूटरवर कमळाकर म्हणाला, "सनीच. बंदुकीचा शौक त्यालाच आहे. केळीच्या गाठोड्यातून नेली म्हणावं, तर केळीचे खुंट तरंगणारच. म्हणजे त्यात बंदूक नव्हती. बनूबाई सुटल्या."

"अर्धं बरोबर आहे, राव," बाई मागून म्हणाल्या. कुठलं अर्धं, ते काही सांगितलं नाही. ही त्यांची जुनी खोड.

चिखलोलीला, नव्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर, तेजलनं दार उघडलं. चोरीचं ऐकून तिचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे आता ती दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीच्या हाताला लागेल," ती म्हणाली. मग म्हणाली, "लोकांना वाटतं, मी सासरशी भांडले. मला सासर हवंय हो. ऋतिका रोज विचारते, आजी माझ्यावर रागावली का? मी काय सांगू? मला बंदुकीची भीती होतीच, पण आबांच्या 'काय झालं का'ची जास्त वाटली. ज्याला भीतीच वाटत नाही, त्याच्याजवळ मूल कसं सोडायचं?"

"उद्या सकाळी गावी याल?" सुनंदाबाईंनी विचारलं. "मुलीला शाळेत सोडून. बंदूक कुठे आहे ते मी सांगणार आहे, आणि ते तुम्ही ऐकायलाच हवं."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता सगळे ओटीवर जमले. दीड वर्षानं सून दारात आली होती. बनूबाईंनी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि तिच्या मागे कुणी छोटं आलंय का, ते पाहून घेतलं. कुणी नव्हतं.

"पाटावरची गवसणी बनूबाईंनी नेली," सुनंदाबाई म्हणाल्या.

विनीत उठून उभा राहिला. "आईनं?"

"बसा. सनी, काकू नदीवर 'बुडत कसं नाही' म्हणाल्या. ज्या बाईचा जन्म वाडीत गेला, तिला केळ तरंगतं हे ठाऊक नसेल? ती बाई काहीतरी बुडण्याची वाट बघत होती. खुंटांच्या मधे गवसणी होती. बनूबाई, खरं ना?"

बनूबाईंनी पदर तोंडाला लावला. "पोर बडोद्याला चालली. माझं वय काय राहिलं? म्हटलं, बंदूकच नाय राहिली तर येईल. आयुष्यात पहिल्यांदा हात लावला. देवीला म्हटलं, पाप लागलं तर मना लागू दे. यांना पोलीस नेतील हे डोक्यातच नाय आलं."

"पण बाई," कमळाकर म्हणाला, "ते तर तरंगलं."

"तिथेच तुम्ही काल थांबलात, राव. तीन किलोचं लोखंड असतं, तर दोन बारीक खुंटांनी ते पेललं नसतं. बनूबाईंनी गवसणी टाकली, हे खरं. गवसणीत बंदूक नव्हती, हेही खरं. ज्यांनी हत्यार कधी उचललंच नाही, त्यांना हातातलं वजन कसं कळणार?"

महिपती पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

"खंडेनवमीला तेल पाजून उघडी ठेवायची बंदूक दोन वर्षं बंद गवसणीत पुजली गेली. पाटावरच्या वस्त्रावर तेलाचा थेंब नाही, वासही नाही. डुकरांवर दीड वर्षात बार नाही. आणि नियमानं कागद ठेवणारा माणूस चोरीची खबर देत नाही. का? कारण न झालेल्या चोरीची खबर दिली, तर ती खोटी ठरेल. आबा मला खोटं बोलले नाहीत. 'सगळ्यांनी परत आणली,' एवढंच म्हणाले. 'मी आणली' असं म्हणाले नाहीत." बाई कमळाकरकडे वळल्या. "राव, तुमच्या स्टोअरमध्ये ठेवलेला माल परत न्यायला कुणी आलं, तर काय मागायचात?"

"जमेची पावती," कमळाकर म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "ती घेतल्याशिवाय मी खिळा सोडला नसता."

"आणि आबांच्या फाईलमध्ये मूळ पावती अजून आहे. तुम्हीच वाचलीत. बंदूक गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून पोलीस ठाण्यात आहे. शिमग्यानंतर महिन्याभरात ती या घरातून गेली, ती परत आलीच नाही."

तेजलनं तांब्या खाली ठेवला. "आबा?"

महिपतींनी मान वर केली. "कुदळीचा दांडा भरला होता गवसणीत. गावाला वाटायला पायजे ना, बंदूक हाय. हिला बोललो नाय, हिच्या पोटात काय राहात नाय."

"आणि मला? दीड वर्ष, आबा. नुसता एक फोन. मी त्याच दिवशी घेऊन आले असते तिला."

"तवा तोंड वर करून बोललो होतो. मंग कसं सांगू? वाटायचं, तू एकदा येशील, मी गवसणी सोडून दांडा दाखवीन, सगळी हसू. दर सणाला वाट बघितली." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "पोरी, मी घाबरलो होतो गं. त्या दिवशी काडतूस काढताना माझी बोटं चालत नव्हती. भरलेली खुंटीला मीच टांगली होती. 'काय झालं का' ते मी तुला नाय, मना विचारत होतो."

बनूबाई नवऱ्याकडे बघत होत्या. एकाच छपराखाली दोघं एकाच पोरीसाठी झुरत होती, आणि एकमेकांना त्याचा पत्ता नव्हता. कमळाकरला वाटलं, आता या दोघांकडे आपण बघू नये. तो सनीच्या रिक्षाकडे बघत राहिला.

"काका, मी कुणाला बोलणार नाय," सनी हळूच म्हणाला.

"बोल. सगळ्यांना सांग. आजच पोलीस ठाण्यात लिहून देतो, बंदूक आता नको."

तेजलनं फोन काढला. "साडेबाराला शाळा सुटते तिची," ती म्हणाली. "मी वर्गाच्या बाईंना कळवते, आज घ्यायला आजोबा येतील म्हणून. सनी, नेशील ना?"

महिपती उठले, बसले, पुन्हा उठले. "ती मना ओळखंल का?"

बनूबाई आत गेल्या आणि नवऱ्याचा धुतलेला सदरा घेऊन आल्या. महिपतींनी तो अंगात घातला, पण गुंड्या काही केल्या लागेनात. शेवटी तेजलच पुढे झाली आणि एकेक करून तिनं त्या लावून दिल्या.