धनूरगडच्या पेढीचा शिक्का

धनूरगडाच्या तटावर तांबडे फुटत होते, आणि खाली पेठेत, लाडांच्या पेढीच्या दरवाजावर, किल्लेदार व्यंकटराव काळोखे यांच्या तोफेचा तिसरा गोळा येऊन आदळला.

ही पेढी साठ वर्षांपूर्वी माणिकशेठ गुजरांनी घातली. पोटी वारस नव्हता म्हणून त्यांनी ती देवजी लाडांना विकली. देवजींमागे ती त्यांच्या थोरल्या मुलाकडे, आणि गेल्या साली तोही वारल्यावर त्याची विधवा सगुणाबाई हिच्याकडे आली. पेढीच्या शिक्क्याची हुंडी सुरतेपासून बुऱ्हाणपुरापर्यंत बिनतक्रार वटत असे. कोष्ट्यांची, शिपायांच्या बायकांची, देवस्थानांची ठेव त्याच शिक्क्याच्या भरवशावर होती. फौजेचा पगार थकल्यामुळे काळोख्यांची नजर तिकडे वळली. तिजोरी फोडून थोडीच रोकड हाती लागली असती; विक्रीखतावर शिक्का उमटला, की हुंड्यांवर चालणारी सगळी पेढी त्यांची होणार होती.

सगुणाबाई ओतशाळेत भट्टीपाशी उभी होती. शिसे संपल्यावर तिने पेढीची चांदी वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतायला लावल्या होत्या. पेढीच्या अरब पहाऱ्याचा जमादार सालेह दारूच्या धुराने काळवंडून आत आला.

"बाईसाहेब, दरवाजा दुपारपर्यंत टिकेल. तोवर पेठेतून मदत आली, तर वाचलो."

पण दरवाजा टिकण्याचा प्रश्नच उरला नाही. सगुणाबाईचा धाकटा दीर नागोशेठ याने मागल्या बाजूचा लहान दरवाजा, दिंडी, आतून उघडली आणि तिथला म्हातारा पहारेकरी पहिला पडला. पाहता पाहता चौकात कापाकापी सुरू झाली. सालेहची आठही माणसे एकामागून एक पडली. फरशीवरून रक्ताचे ओघळ पन्हाळीला लागले. मांडीत भाला घुसलेल्या सालेहला फरफटत काळोख्यांनी ओतशाळेत आणले आणि त्याच्या मानेवर तलवार टेकवली.

"बाईसाहेब, खतावर शिक्का उठवावा. जमादार जगेल, आपणही सुखाने काशीस जाल. हा आमचा शब्द आहे."

"वहिनी, ऐका यांचं," नागोशेठ घाईने म्हणाला. "मीही लाडच आहे. पेढी घरातच राहील."

"दिंडीवर म्हातारा पहारेकरी पडलाय, भावजी. त्याला ओलांडूनच आलात ना?"

सगुणाबाईने कमरेच्या पिशवीतून चांदीचा शिक्का काढला. सालेह तिच्याकडे पाहत होता. त्याच्या डोळ्यांत जगण्याची आस होती, आणि ती तिला स्पष्ट दिसली. ज्यांनी घामाचा पैसा तिच्या हवाली केला होता, ती हजार घरेही तिला त्याच क्षणी आठवली. तिने हात पुढे केला आणि शिक्का भट्टीवरच्या मुशीतल्या उकळत्या चांदीत सोडून दिला.

काळोख्यांची तलवार फिरली. सालेहचे धड भट्टीच्या कठड्यावर कोसळले. दुसऱ्या वारासरशी सगुणाबाईचा उजवा हात मनगटापासून तुटून पडला. सांडशी घेऊन मुशीकडे धावलेल्या नागोशेठच्या पोटात काळोख्यांनी तलवार खुपसली. "शिक्का गेला, आता तू कशाला हवास?"

पगाराविना राहिलेल्या फौजेने चौथ्या दिवशी बंड केले आणि किल्लेदाराला तटावरून खाली लोटले. पेठेच्या पाच महाजनांनी पेढी चालवायला घेतली. मालकी पुन्हा सगुणाबाईकडेच असावी, असा त्यांनी आग्रह धरला. तिने नकार दिला. तेव्हापासून पेढी पेठेची झाली.

जखम भरताच सगुणाबाई अरबांच्या आळीत गेली. सालेहची बायको जैनब दारात आली.

"मी त्यांना वाचवू शकले असते, बाई," सगुणाबाई म्हणाली. "वाचवलं नाही. हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून आले."

जैनबने सगळे ऐकून घेतले. मग तिने दार लावून आतून कडी घातली. सगुणाबाई भर उन्हात बराच वेळ उभी राहिली आणि परतली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.