उजवा हात विरुद्ध डावा हात

“यानं कार्डांवर खुणा केल्यात! नाहीतर माणूस सुट्टीभर जिंकतो कसा?” रेडिओनं टेबलावर हात आपटला आणि सगळ्या पोरांनी लंबूकडे पाहिलं.

रेडिओ एकदा सुरू झाला की बंद व्हायचा नाही, म्हणून त्याला ते नाव पडलं होतं. लंबूला लंबू का म्हणत, हे सांगायलाच नको. खेळण्यांच्या दुकानाच्या माळ्यावर एक लांबलचक टेबल होतं आणि सुट्टीत आसपासची पोरं तिथं ‘बुरूज’ खेळायला जमायची. प्रत्येकाची आपापली कार्डांची गड्डी, तिच्यात शिपाई, घोडेस्वार, तोफा. समोरच्याचे तीन बुरूज जो आधी पाडेल तो जिंकला. जिंकणारा बसून राही, हरणारा उठे आणि पुढचा येऊन बसे. या सुट्टीत लंबू उठतच नव्हता.

पंचकाकांनी लंबूची गड्डी खिडकीपाशी नेली. एकेक कार्ड भिंगातून बघितलं, बोटानं चाचपलं, एक तर हुंगूनही पाहिलं.

“काही सापडत नाही,” ते म्हणाले. “म्हणजे काहीतरी फार हुशारीनं लपवलंय.”

माळ्यावरच्या डावांना पंच म्हणून बसणारे पंचकाका गणिताचे निवृत्त मास्तर होते. उत्तर आधी ठरवायचं आणि गणित मागून करायचं, ही सवय त्यांना कुठून लागली कोण जाणे.

दुकानदारकाकांना एरवी कशाचंच काही नसे, पण भांडणाचा त्यांना भारी कंटाळा. “हे बघ लंबू, काय केलंस ते उद्यापर्यंत कबूल कर,” ते म्हणाले. “नाहीतर सुट्टी संपेपर्यंत माळ्यावर यायचं नाही.”

“मी काही केलंच नाही, तर कबूल काय करू?” लंबू म्हणाला. मग त्यानं गड्डीला रबर लावला आणि तो जिना उतरून गेला. त्याच्याबरोबर कोणी गेलं नाही.

कोपऱ्यात बसलेल्या चष्मिषला उठावंसं वाटलं होतं. पण ती उठली नाही, आणि त्याची तिला फार लाज वाटली.

चष्मिष इथं नवी होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, ते सकाळी हत्यारांची पेटी घेऊन बाहेर पडत. आई नोकरीसाठी दुसऱ्या शहरात, ती फक्त फोनवर भेटायची. पहिल्या दिवशी पोरांनी तिचं नाव चष्मिष ठेवलं, तेव्हा ती हरखून गेली होती. नाव ठेवलं म्हणजे आपल्याला त्यांच्यात धरलं, असं तिला वाटलं. पण पुढे त्या नावानं तिला कोणी हाकच मारली नाही. एकटा लंबू तेवढा तिच्याशी बोलला होता. “कार्डं नाहीत तुझ्याकडे? ही घे, मला दोन-दोन आलीत.” तेवढंच. पण ते ती विसरली नव्हती.

घरी आल्यावर फ्रिजच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. चष्मिषनं जमिनीवर कार्डं मांडली. खेळायला कोणी नसलं, तरी आपल्याला हात दोन असतात! उजवा हात विरुद्ध डावा हात, हा तिचा रोजचा सामना. डावा बिचारा कच्चा, म्हणून तिनं चांगली कार्डं त्याला दिली होती. जिंकणाऱ्या हाताला एक बिस्किट मिळे. खाणारं तोंड एकच, ती गोष्ट वेगळी.

उजव्यानं सुरुवात केली आणि उजवा जिंकला. पुन्हा उजव्याची सुरुवात, पुन्हा उजवाच.

“लबाड कुठला,” ती हाताला म्हणाली. आणि म्हणता म्हणता थबकली. तिच्या स्वतःच्या हातानं लबाडी केली असती, तर तिला कळली नसती का?

तिनं डाव्याला सुरुवात दिली. डावा जिंकला. मग चांगली कार्डं उजव्याला देऊन पाहिली, तरी सुरुवात करणारा डावाच जिंकला. बाहेर अंधारून आलं तरी ती खेळतच होती. कार्डं कोणाकडेही असोत, जवळजवळ प्रत्येक वेळी सुरुवात करणारा हातच बिस्किट मिळवत होता.

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खेळ काढणाऱ्या कंपनीनं यंदा एक नियम बदलला होता. आधी, सुरुवात करणाऱ्याला पहिल्या खेळीत फक्त कार्डं मांडता यायची. हल्ला करायची पहिली संधी समोरच्याला मिळायची. डाव रेंगाळतात म्हणून आता पहिल्याच खेळीत हल्ला चालत होता. समोरच्यानं एकही कार्ड मांडायच्या आत त्याचा एक बुरूज खाली!

आणि दुकानाची रीत जुनीच होती. सकाळी जो पहिला येईल तो सुरुवात करणार, आणि पुढे दर डावाला जिंकलेल्यानं सुरुवात करायची. दुकानदारकाकांनीच ती घातली होती. सुरुवात करणं तोट्याचं होतं, तेव्हा जिंकलेल्यावर तेवढं ओझं टाकणं योग्यच होतं. नियम बदलला, पण रीत बदलायचं कोणाला सुचलंच नाही.

रोज सकाळी पहिला कोण येई? लंबू. चष्मिषला खिडकीतून तो बंद शटरसमोर बसलेला दिसायचा. त्याच्या आईची कामाची पाळी पहाटेची, आणि रिकाम्या घरात बसण्यापेक्षा त्याला पायरी बरी वाटत असणार. तो दातांच्या डॉक्टरकडे गेला, त्या दिवशी रेडिओ पहिला आला होता आणि दिवसभर जिंकला होता. त्याला कोणी लबाड म्हटलं नव्हतं. उलट सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती.

ती धावतच खाली गेली. लंबू दुकानाच्या पायरीवरच बसला होता.

“उद्या सकाळी लवकर येऊ नकोस,” ती हळूच म्हणाली. “उशिरा ये.”

लंबूनं मान वर केली. “तूसुद्धा?”

तिला सगळं सांगून टाकायचं होतं. पण दुधाची पिशवी घेतलेला रेडिओ शेजारीच कान टवकारून उभा होता. त्याला कळलं की गावाला कळलं, आणि मग खेळून दाखवायच्या आतच मोठी माणसं सावध होणार. तिनं ते उद्यावर ठेवलं. लंबू उठून गेला.

दुसऱ्या दिवशी पायरीवर चष्मिष बसली. पायरी गार होती. माणसं येत-जात होती, पण थांबत कोणी नव्हतं. लंबू रोज हे कसं सोसतो, असं तिला वाटलं.

माळा उघडताच ती म्हणाली, “पहिली मी आले. सुरुवात माझी.” आणि तिनं फुकट कार्डांच्या खोक्यातून कोणालाच नको असलेली कार्डं उचलली.

“या रद्दीवर खेळणार?” रेडिओ हसला. थोड्या वेळानं तो हरून उठला. त्याच्यामागोमाग एकेक करून सगळे उठले.

“लंबूनं शिकवलंय हिला!” रेडिओ म्हणाला.

“काका, आता तुम्ही बसा,” चष्मिष म्हणाली.

दुकानदारकाकांनी काचेच्या कपाटातली त्यांची लाडकी गड्डी काढली. तिला ते कोणाला हात लावू देत नसत. पण तीही हरली. पंचकाकांचा हात भिंगाकडे गेला.

“भिंग राहू द्या, सर. कार्डं दुकानाच्या खोक्यातलीच आहेत. आता ही तुम्ही घ्या, काकांची गड्डी मला द्या. फक्त सुरुवात तुम्ही करा.”

पंचकाका खेळले आणि जिंकले. “बघा, शेवटी डोकं लागतं...” असं म्हणता म्हणता त्यांची नजर हातातल्या रद्दी कार्डांवर गेली.

“मग सुट्टीभर डोकं फक्त लंबूलाच होतं का, सर?” चष्मिषनं विचारलं. मग तिनं नियमाचं आणि रितीचं सगळं सांगितलं.

“आयुष्यभर पोरांना सांगत आलो, गणित नीट वाचा,” पंचकाका म्हणाले. “आणि मीच न वाचता उत्तर लिहिलं. शाब्बास, पोरी!”

“रीत माझी, चूक माझी,” दुकानदारकाका म्हणाले. “आजपासून दर डावाला नाणं उडवायचं. आणि दुसऱ्या खेळाडूला एक कार्ड जास्त.”

लंबू जिन्यात उभा होता. दुकानदारकाकांनी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. रेडिओनं तोंड उघडलं, पण त्यातून एवढंच आलं, “चुकलं यार.” रेडिओ इतकं थोडं बोललेला कोणी ऐकला नव्हता.

मग टेबलाभोवती एकच गर्दी झाली. पंचकाकांनी चष्मिषच्या डोक्यावर हात ठेवला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. जेवायची वेळ झाली तसे सगळे जोड्याजोड्यांनी घरी गेले. चष्मिषचं घर उलट्या बाजूला होतं. शाबासकी घेऊन ती एकटीच परतली.

फ्रिज घरघरत होता. तिनं जमिनीवर कार्डं मांडली, थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे.

दाराची घंटा वाजली. बाहेर लंबू उभा होता, रबर लावलेली गड्डी हातात घेऊन.

“उशिरा ये म्हणालीस, तेव्हा फार वाईट वाटलं,” तो म्हणाला.

“माहीत आहे मला.”

तो आत आला आणि त्यानं जमिनीवरचा डाव पाहिला. “कोण खेळतंय तुझ्याबरोबर?”

“डावा हात.”

लंबू हसला नाही. तो समोर मांडी घालून बसला.

चष्मिषनं डावीकडची कार्डं गोळा केली, बिस्किटांचा डबा दोघांच्या मध्ये ठेवला आणि ती म्हणाली, “नाणं तू उडव.”